उजवा कान: बेन मॅकडूईच्या ढगातला एक दिवस

दुपारी 12 वाजून 17 मिनिटांनी माझ्या उजव्या हाताला जमीन संपली. चार-पाच पावलांवर गुलाबी ग्रॅनाइटची कड, तिच्या पलीकडे नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून वर येणारा गारठा. माझ्या हिशेबाने मी स्कॉटलंडमधल्या बेन मॅकडूई या डोंगराच्या माथ्यावरून उत्तरेला, आलो त्याच वाटेने परत चाललो होतो. त्या वाटेवर असा कडा नाही.

पुढे वाईट काही घडलं नाही. मी पडलो नाही, कुणाला मदतीला बोलवावं लागलं नाही, ठरल्या वेळेच्या आत गाडीपाशी होतो. तरी हे प्रकरण सविस्तर लिहितोय. अपघात झाला की त्याची चिरफाड होते, पण थोडक्यात निभावलेल्या चुकीची नोंद कुठेच राहत नाही. आठवडाभरात ती करणाऱ्यालाच वाटायला लागतं की तसं काही विशेष नव्हतं. मला तसं वाटायला लागायच्या आत हे कागदावर यायला हवं होतं.

डोंगर कसा आहे

केर्नगॉर्म्स हा स्कॉटिश हायलँड्सच्या पूर्वेकडचा डोंगरपट्टा. त्यातलं सर्वांत उंच टोक बेन मॅकडूई, 1309 मीटर. ब्रिटनमध्ये बेन नेव्हिसनंतर (1345 मीटर) याचाच नंबर. आपल्याकडच्या माणसाला लगेच 1646 मीटरची कळसूबाई आठवते आणि हा आकडा किरकोळ वाटतो. पहिल्या वर्षी मलाही वाटला होता. पण हा डोंगर 57 अंश अक्षांशावर आहे. सप्टेंबरातसुद्धा माथ्यावर तापमान शून्याच्या आसपास जाऊ शकतं. शेजारच्या केर्न गॉर्म शिखरावरच्या स्वयंचलित हवामान केंद्रात मार्च 1986 मध्ये वाऱ्याचा एक झोत ताशी 173 मैलांचा, म्हणजे साधारण 278 किलोमीटरचा नोंदला गेलाय.

उंचीपेक्षाही महत्त्वाचा आहे त्याचा आकार. हे शिखर म्हणजे सुळका नाही, पठार आहे. हजार-अकराशे मीटरच्या वर किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेला खडीचा, दगडगोट्यांचा, खुरट्या गवताचा माळ. झाड नाही, झुडूप नाही. या माळाच्या कडा हिमनद्यांनी वाटीसारख्या खरवडून काढल्या आहेत. त्या वाट्यांना गेलिक भाषेत ‘कॉरी’ म्हणतात. पठारावर आरामात चालता चालता कॉरीच्या ओठावर कधी आलो ते ढगात कळत नाही.

सह्याद्रीत धुक्यात चालायची मला सवय होती. भर पावसाळ्यात राजगडावर, हरिश्चंद्रगडावर पुढच्या माणसाची सॅक दिसत नाही असे दिवस काढलेत. पण तिथे तट लागतो, टाकं लागतं, खोदीव पायऱ्या लागतात, वाडीतल्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं. चुकून ढोरवाटेला लागलो तरी ती बहुधा पाण्यावर नाहीतर गोठ्यावर नेऊन सोडते. इथे माणसाच्या हाताचं म्हणावं असं काही असेल तर दगडांच्या लगोऱ्या. त्या कुणी, कधी, कुठे जाण्यासाठी रचल्या, हे लगोरी बघून कळत नाही. या फरकाचा मी नीट विचार केला नव्हता. धुक्यातला अनुभव आहे, एवढ्यावर मी समाधानी होतो. हा अनुभव दुसऱ्या प्रकारच्या धुक्यातला होता.

आखणी

सप्टेंबरचा तिसरा आठवडा. उजेड साधारण सकाळी सात ते संध्याकाळी सात. स्की सेंटरच्या गाडीतळापासून (635 मीटर) निघायचं, केर्न लोखन या शिखराच्या पश्चिमेच्या सोंडेवरून पठारावर चढायचं, लोखन बुई या छोट्या तळ्यापाशी यायचं, तिथून दक्षिणेला बेन मॅकडूई. परतताना पुन्हा लोखन बुई, मग केर्न लोखनच्या कड्याकडेने पूर्वेला जाऊन दुसऱ्या सोंडेने खाली. एकूण सतरा-अठरा किलोमीटर आणि नऊशे मीटरच्या आतबाहेर चढ.

वेळेचा अंदाज नेस्मिथच्या नियमाने काढला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये दिलेला हा हिशेब आजही इथे सगळे वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे न थांबता पाच तास. ढग, वारा आणि जेवण धरून मी आठ केले. आठ वाजता निघून चारला परत.

हवामानाच्या अंदाजात वारा नैर्ऋत्येचा, ताशी चाळीस किलोमीटर, ढग सातशे-आठशे मीटरपासून वर, दुपारनंतर थोडे वर सरकण्याची शक्यता. इथल्या डोंगरी हवामानाच्या अंदाजात ‘शिखरं ढगाबाहेर असण्याची शक्यता’ हा वेगळा आकडा टक्क्यांत देतात. त्या दिवशी तो 30 होता. तिसाचा आकडा वाचून मी मनात धरलं की दुपारी उघडेल. सत्तर टक्के उघडणार नाही, असं कुणी मला शब्दांत सांगितलं असतं तर मी वेगळी तयारी केली असती का? बहुतेक हो. ही पहिली चूक, आणि ती घरात बसून झाली.

आदल्या रात्री ॲव्हीमोर गावातल्या खोलीवर मार्ग कागदावर लिहून बायकोकडे दिला. तिने वाचला आणि म्हणाली, “हे सगळं ठीक आहे रे. किती वाजल्यापासून काळजी करायची, ते पण लिही ना.”

मी लिहिलं: सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर 999 ला फोन करून आधी पोलिस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. स्कॉटलंडमध्ये डोंगरातल्या बचावाची जबाबदारी पोलिसांकडे असते, आणि प्रत्यक्ष जाणारी बहुतेक माणसं स्वयंसेवक असतात, हातातलं काम टाकून, एक पैसा न घेता येणारी. त्या ओळीने मला दिवसभर बरं वाटलं. दुपारी कड्याजवळ उभा असतानाही घाई करायचा मोह झाला नाही, कारण सातला अजून बराच वेळ होता आणि काळजी कधी सुरू होणार ते ठरलेलं होतं.

चढ

8:10 ला निघालो. साडेआठशे मीटरच्या आसपास ढगात शिरलो. त्याआधी पायवाटेवर रेनडिअर उभे होते, चार. 1952 मध्ये स्वीडनहून आणलेल्या कळपाचे हे वंशज इथे मोकळे फिरतात. एकाने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुन्हा चरायला लागला. ढगात शिरायच्या आधी दिसलेलं ते शेवटचं जिवंत काही.

सोंडेवर वारा उजवीकडून, थोडा समोरून यायला लागला. भुरभुर पाऊस, थेंब असे नाहीत, पण जॅकेटची उजवी बाही आणि टोपडीची उजवी कड भिजून जड झाली. टोपडीखाली उजवा कान गार पडला होता. तो मी दोनदा हाताने चोळला. हा तपशील मुद्दाम लिहितोय, पुढे लागणार आहे.

10:25 ला लोखन बुई. काठावर आलो तेव्हा तळं आहे हे पाण्याच्या चुबुकचुबुक आवाजावरून कळलं, पाणी नंतर दिसलं. इथे मी जरा जास्त थांबलो. नोव्हेंबर 1971 मध्ये एडिनबर्गच्या शाळकरी मुलांचा एक गट हिमवादळात याच तळ्याजवळच्या निवाऱ्याकडे यायला निघाला होता. निवारा त्यांना गाठता आला नाही. पाच मुलं आणि त्यांच्याबरोबरची एक तरुण प्रशिक्षणार्थी मार्गदर्शक उघड्यावर मरण पावली. पुढे 1975 मध्ये तो निवाराही काढून टाकला. खराब हवेत तो सापडत नाही आणि त्याच्या भरवशावर लोक पठारावर येतात, हा विचार त्यामागे होता. आता तिथे काही नाही. मी टोपडी मागे सारून मिनिटभर उभा राहिलो.

तळ्यापासून माथ्यापर्यंतचं काम मी नीट केलं. नकाशावर बेअरिंग (जायच्या दिशेचा अंश) घेतलं, कंपास हातात धरला, पावलं मोजली. माझी शंभर मीटरला दुहेरी पावलं (डावं-उजवं मिळून एक) 64 होतात, चढावर सत्तरच्या पुढे जातात. दर शंभर मीटरला एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात. 11:40 ला माथ्यावरचा सर्व्हेचा (भूमापनाचा) खांब समोर आला, आधी नुसती सावली, मग दगडांचा मोठा ढीग आणि त्यावर खांब. अगदी हिशेबाने आलो होतो. त्याचा आनंद झाला, आणि आनंदाने मी ढिला पडलो.

माथ्यावरची पंचवीस मिनिटं

बेन मॅकडूईच्या माथ्यावर वाऱ्यापासून आडोशाला म्हणून दगडांची छोटी अर्धवर्तुळं रचलेली आहेत. एकात बसून डबा उघडला. वारा आत येत होता म्हणून दुसऱ्यात गेलो. मग जवळच 1925 मध्ये केर्नगॉर्म क्लबने बसवलेला दिशादर्शक, ज्याच्यावर चौफेर दिसणाऱ्या डोंगरांची नावं कोरलेली आहेत, तो बघायला गेलो. परत येऊन सॅक उचलली. या फेऱ्यांमध्ये कंपास खिशात होता.

मी बसलेलो असताना दोघं आले, पन्नाशीचे, जाडजूड बूट, वर्षानुवर्षं डोंगरात काढलेली माणसं वाटत होती. दोन शब्द बोललो. कुठे निघालात विचारलं तर एक जण म्हणाला, “खाली, लॉखकडे.” लॉख म्हणजे तलाव. माझ्या डोक्यात त्या दिवशी तळं एकच होतं, लोखन बुई. त्यांच्या डोक्यात होता लॉख एचाखन, पूर्वेच्या अंगाचा, जिथून दक्षिणेकडच्या दऱ्यांत उतरता येतं. त्यांचं काहीही चुकलं नाही. मी विचारलं ते त्यांनी सांगितलं. लॉख आणि लोखन यांतला मोठ्या-लहानाचा फरक मला ठाऊक होता, पण ऐकू आलं ते मला हवं तेच.

12:05 ला ते निघाले, त्यांच्या मागे दोनेक मिनिटांत मी. त्यांच्या पाठी क्षणभर दिसल्या, मग ढगात गेल्या. पण वाट ठळक होती, लगोऱ्या ओळीने होत्या. कंपास काढला नाही.

इथून पुढची दहा मिनिटं मी नंतर अनेकदा आठवून पाहिलीत, कारण या दहा मिनिटांत डोंगराने मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी त्याला गप्प केलं.

वाटेशेजारी दगडी भिंतींचे अवशेष दिसले. नकाशाच्या मोजणीसाठी 1847 मध्ये इथे तळ ठोकलेल्या सैनिकांच्या झोपडीचे ते अवशेष. सकाळी ते मला लागले नव्हते. मनात आलं, ढगात राहून गेलं असेल.

उतार लवकर आणि सलग लागला. सकाळच्या वाटेवर माथ्याजवळ थोडा सपाट भाग आणि शेजारी उत्तरेचं छोटं टोक होतं. मनात आलं, उतरताना असंच वाटतं.

आणि उजवा कान. तो अजून ओला होत होता. वारा तोच, कान तोच, गारठा तोच. सकाळपासून ज्या बाजूला पाऊस लागत होता त्याच बाजूला लागतोय, म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं शरीराला वाटलं असावं. खरं तर हीच सर्वांत मोठी खूण होती. जाताना वारा उजवीकडून लागत असेल तर आलो त्याच वाटेने परतताना तो डावीकडून लागायला हवा. उत्तरेला तोंड केलं तर नैर्ऋत्येचा वारा डाव्या खांद्यामागून येतो. पूर्वेला तोंड केलं तर उजव्या खांद्यामागून. इतका साधा हिशेब. सवयीच्या स्पर्शाने मला निवांत केलं, आणि तो स्पर्शच चुकीचा होता.

मग कड आली.

कड्यापासून परत

थांबलो. दोन पावलं मागे, खाली बसलो. कंपास काढला. मी पूर्वेला चाललो होतो. नकाशा उघडला आणि सगळं जुळलं: अवशेष, उतार, उजवीकडचा कडा. ही कॉरी स्पूटन जेरगची कड, माथ्यापासून सात-आठशे मीटरवर.

आता दोन पर्याय होते. एक, तिरकं वायव्येला कापायचं आणि उत्तरेच्या टोकाशेजारी सकाळची वाट पकडायची. नकाशावर ते अंतर बोटभर होतं, नव्वद मीटरचा चढही वाचला असता. दुसरा, आल्या वाटेने माथ्यावर परत जाऊन तिथून नव्याने सुरुवात करायची.

पहिल्याचा मोह खरा होता. माथ्यावर परत जायचं म्हणजे चूक झाली हे पायांनी कबूल करायचं. पण तिरकं कापायचं तर मी नेमका कुठे आहे हे ठाऊक असायला हवं, आणि मला ते ‘साधारण’ ठाऊक होतं. कडेवरून दोनशे मीटर पुढे असतो तर? त्या बाजूचं पठार ईशान्येला हळूहळू उतरत जातं आणि पुढे लॉख एव्हनच्या डोक्यावरच्या ग्रॅनाइटच्या गुळगुळीत कातळांवर जाऊन संपतं. हळूहळू उतरणारी जमीन ढगात फार गोड वाटते, तीच भीती. सर्व्हेचा खांब मात्र एकच आहे आणि त्याच्याबद्दल शंका असू शकत नाही. मी परत चढलो. वारा आता समोरून आला, चश्म्यावर पाणी, दर वीस पावलांना पुसत.

चढताना मागे कुणीतरी चालतंय असं वाटलं. टोपडीचं कापड खांद्यावर घासण्याचा आवाज होता, तो मला माहीत होता, तरी दोनदा मागे वळून पाहिलं. नॉर्मन कॉली हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि नाणावलेला गिर्यारोहक, 1895 च्या नंगा पर्बत मोहिमेतला. तो 1891 मध्ये याच माथ्यावरून ढगात एकटा उतरत होता. आपल्या दर तीन-चार पावलांना मागे कुणाचं तरी एक लांब पाऊल वाजतंय असं त्याला ऐकू आलं आणि तो मैलोन् मैल धावत सुटला. हे त्याने जाहीरपणे सांगितलं ते 1925 मध्ये. तेव्हापासून बेन मॅकडूईचा ‘मोठा करडा माणूस’ प्रसिद्ध आहे. ढगावर पडलेली स्वतःची प्रचंड सावली (तिच्याभोवतीच्या गोल इंद्रधनुष्याला आपण इंद्रवज्र म्हणतो, आणि ते कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाहिलं), तिच्याशी लोक याचा संबंध जोडतात. पण कॉलीने पाहिलं काहीच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. मला त्याच्याबद्दल त्या क्षणी फार जवळीक वाटली. इतका जाणता माणूस धावला, कारण एकटेपणात आणि पांढऱ्या ढगात मन कुठलीही खूण उचलून हवा तो अर्थ लावतं. त्याचं मन भीतीकडे गेलं, माझं निश्चिंतीकडे. धावत सुटणं आणि दुसऱ्यांच्या पाठी बघून निघणं, मला तरी दोन्ही एकाच जातीच्या चुका वाटतात.

12:40 ला खांबाला हात लावला. पाठ खांबाला टेकवून बेअरिंग घेतलं: आधी उत्तरेला, किंचित पूर्वेकडे, उत्तरेच्या टोकाच्या अलीकडच्या खोलगट भागापर्यंत, मग वळून लोखन बुईकडे. नेमके अंश इथे देत नाही, ते ज्याने त्याने स्वतःच्या नकाशावर मोजायचे असतात. पहिल्या शंभर पावलांत डावा कान गार पडला.

1:35 ला तळ्याचं पाणी ऐकू आलं. केर्न लोखनच्या कड्याकडेने जायचा बेत तिथेच सोडला. त्या वाटेवर डाव्या हाताला कॉऱ्यांचे ओठ लागोपाठ आत-बाहेर होतात, आणि दिवसातली एक चूक माझी करून झाली होती. सकाळच्याच सोंडेने उतरलो. साडेतीनच्या सुमाराला गाडीतळावर पोचून फोन केला.

काय बदललं

फोनबद्दल मला नंतर मित्रांनी विचारलं. होता, चार्ज होता, नकाशा उतरवून घेतलेला होता. खिशातून काढला असता तर पहिल्या मिनिटात कळलं असतं. पण कंपासही खिशातच होता. दोन्ही उपकरणं शाबूत होती, मला त्यांना विचारावंसं वाटलं नाही, कारण शंकाच आली नाही. म्हणून आणखी एखादं उपकरण घेणं हा माझ्या मते या प्रकरणाचा उपाय नाही. शंका येवो न येवो, ठराविक जागी विचारायचंच, अशी सवय लावणं हा उपाय आहे.

त्यानंतरच्या प्रत्येक चढाईला मी घरून एक कार्ड लिहून नेतो. तळहाताएवढं, प्लास्टिकच्या पिशवीत, नकाशाच्या खिडकीत. प्रत्येक वळणाची जागा, तिथून पुढचं बेअरिंग, अंतर, आणि शेवटच्या रकान्यात वारा कुठल्या अंगाला लागायला हवा ते. हा रकाना सकाळचा अंदाज बघून भरायचा आणि वारा फिरला तर खोडून नव्याने लिहायचा. माथ्यावर बसायच्या आधी परतीचं बेअरिंग कंपासवर लावून ठेवतो, मग डबा उघडतो. कुणी भेटलं तर कुठे निघालात विचारतो आणि जागेचं नाव नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगतो. कुणालाही त्याचा राग आलेला नाही. उलट बहुतेक जण स्वतःच नकाशा काढून शेजारी बसतात.

कार्डाची दुसरी प्रत बायकोकडे असते. तिच्या प्रतीवर सगळ्यात वर काळजीची वेळ लिहिलेली असते.